बिझनेस क्लास घेण्याआधी विमान बघा: बेळगावहून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी

2019 साली आईला घेऊन मी पहिल्यांदा अमेरिकेला गेले. भाऊ न्यू जर्सीत असतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणून आम्ही भावंडांनी पैसे गोळा करून बिझनेस क्लासची दोन तिकिटं काढली. आई पलंगावर निजावं तशी निजून जाईल, असंच आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात एका ओळीत सात खुर्च्या होत्या आणि आईची जागा बरोबर मधली. खुर्ची पूर्ण मागं केली तरी ती सपाट होत नव्हती, उताराला लागल्यासारखी पायाकडं कललेली राहायची. आई रात्रभर खाली सरकत होती आणि मी तिला वर ओढून घेत होते. बाथरूमला जायचं तर शेजारच्या झोपलेल्या माणसाला उठवावं लागे, म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं. उतरल्यावर तिचे पाय सुजले होते.

तिकिटावर बिझनेस लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. मी तेवढा एकच शब्द बघितला होता, ही चूक माझी. त्यानंतर काकांना प्रीमियम इकॉनॉमीनं नेलं, आणि 2025 मध्ये आईला पुन्हा बिझनेसनं. त्या वेळी खुर्ची न् खुर्ची बघून तिकीट काढलं आणि आई सलग सहा तास झोपली. मधल्या काळात टिळकवाडीपासून खानापूर, निपाणीपर्यंतच्या ओळखीच्या लोकांनी हेच प्रश्न विचारले. ते सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टचं पहिलं पान समोर ठेवा. आपल्या सीमाभागात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आधारवर नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं, शाळेच्या दाखल्यावर मराठीतून गेलेलं, त्यामुळं एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगं सापडतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, हवं. वडिलांचं नाव पासपोर्टच्या कुठल्या रकान्यात छापलंय तेही बघा.
- पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा असावा. नूतनीकरणाचा अर्ज बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातही करता येतो.
- ज्या देशात जायचं त्याचा व्हिसा. मधल्या विमानतळावर बदलावं लागणार असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाआधी तपासा.
- शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र. गुडघ्यात धातूचा सांधा असेल तर तपासणीच्या दारात घंटी वाजते, तेव्हा हे पत्र उपयोगी पडतं.
- गुगल फ्लाइट्स आणि एरोलोपा या दोन साइट. पहिली भाडं, विमानाचा प्रकार आणि खुर्चीचा प्रकार दाखवते, दुसरी त्या विमानाचा आतला नकाशा.

1. कुणासाठी आणि कुठल्या टप्प्यासाठी, हे आधी ठरवा

लांबचा प्रवास म्हणजे एकच विमान नसतं. बेंगळुरू ते दुबई साधारण चार तास आणि दुबई ते न्यूयॉर्क साधारण चौदा. मुंबईहून लंडनला नऊ-दहा तास लागतात. यातला चौदा तासांचा टप्पा खरा. चार तासांत जेवण येतं, ताटं उचलतात आणि उतरायची घोषणा होते. तिथली खुर्ची कशीही असली तरी फारसं बिघडत नाही. म्हणून तुलना करताना सर्वांत लांब टप्पा कुठला आणि तो रात्रीचा आहे की दिवसाचा, एवढंच आधी वेगळं काढा. सगळे पैसे त्या टप्प्यावर लावायचे.

इथं एक सापळा आहे. तिकीट विकणाऱ्या साइटवर वर मोठ्या अक्षरात बिझनेस लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "मिश्र वर्ग". म्हणजे छोटा टप्पा बिझनेसचा आणि लांबचा इकॉनॉमीचा, असंही निघू शकतं. प्रत्येक टप्प्यासमोरचा वर्ग स्वतः वाचा, एजंटकडून तिकीट काढत असाल तरीही.

2. तीन वर्गांत नेमका फरक काय

आपल्या बेळगाव-बेंगळुरू बसच्या भाषेत सांगते, कारण त्या बसनं गेलेला नाही असा माणूस इथं नाही. साधी इकॉनॉमी म्हणजे राजहंस, साधी बसून जायची बस. प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे ऐरावत: खुर्ची रुंद, पाय ठेवायला जागा, पाठ जास्त मागं जाते, पण तुम्ही बसलेलेच असता. सपाट होणारी बिझनेस म्हणजे अंबारीची स्लीपर. बिझनेस घेऊनही ऐरावतचीच खुर्ची हाती येऊ शकते, ती कशी हे पुढच्या मुद्द्यात सांगते.

इकॉनॉमीत समोरच्या खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण 31-32 इंच असतं. प्रीमियम इकॉनॉमीत ते बहुधा 38 इंच असतं, एमिरेट्ससारख्या काही ठिकाणी 40. ऐकायला सहा-आठ इंच फार वाटत नाहीत, पण माझे काका सहा फुटांचे. त्यांना त्या सहा इंचांनी गुडघे मोकळे ठेवता आले आणि ते खूश होते. झोप मात्र तुटक लागली. साठीच्या आतल्या धडधाकट माणसाला दहा तासांपर्यंत प्रीमियम इकॉनॉमी पुष्कळ होते, असं माझं स्पष्ट मत आहे. चौदा तासांच्या रात्रीला, तेही सांधे दुखणाऱ्या माणसाला, नाही.

फर्स्ट क्लासबद्दल थोडक्यात सांगते. एमिरेट्सच्या ए380 या एअरबसच्या दुमजली विमानात फर्स्टच्या प्रवाशांना अंघोळीची सोय आहे, सिंगापूर एअरलाइन्सच्या ए380 मध्ये स्वतंत्र खोल्यांसारखे सुइट आहेत. पण नवी चांगली बिझनेस खुर्ची आणि फर्स्ट यांच्यात झोपेच्या बाबतीत जेवढा फरक आहे त्याच्या कितीतरी पट फरक भाड्यात आहे. म्हाताऱ्या माणसाच्या सोयीसाठी बघत असाल तर हा वर्ग सोडून द्या.

3. विमान कुठलं आणि ओळीत खुर्च्या किती, हे शोधा

सगळी मेख इथंच आहे. स्लीपर बसचं तिकीट काढताना आपण "सिंगल लोअर आहे का" असं विचारतो की नाही? तसंच इथं विचारायचं, फक्त आकड्यांत. आकडा म्हणजे शेजारी-शेजारी किती खुर्च्या, आणि मधली रेघ म्हणजे चालायची वाट. नकाशावर 1-2-1 दिसलं तर प्रत्येक प्रवाशाला उठून थेट वाटेत येता येतं. 2-2-2 असेल तर खिडकीजवळच्याला शेजाऱ्याला ओलांडावं लागतं. 2-3-2 असेल तर मधला माणूस दोन्हीकडून अडकतो. 2019 साली आमचं झालं ते हेच.

एकाच कंपनीत, एकाच भाड्यात या तिन्ही मांडण्या सापडतात. काही उदाहरणं देते.

एअर इंडियाच्या एअरबस ए350 मध्ये 28 बिझनेस सुइट आहेत, 1-2-1, सरकत्या दारांसह, आणि वेगळ्या भागात प्रीमियम इकॉनॉमीच्या 24 खुर्च्या. त्याच कंपनीची जुनी बोइंग 787-8 विमानं 2-2-2 मांडणीची आणि जुनी बोइंग 777-300ईआर 2-3-2 ची. या विमानांचं नूतनीकरण हाती घेतलेलं आहे, त्यामुळं त्याच मार्गावर जुनं येईल की नवं हे तारखेवर ठरतं.

एमिरेट्सच्या ए380 मध्ये बिझनेस वरच्या मजल्यावर, 1-2-1. त्यांच्या जुन्या 777 मध्ये 2-3-2, तर नव्यानं सजवलेल्या 777 मध्ये 1-2-1. बेंगळुरूहून आणि मुंबईहून दुबईला ए380 जातं हे ऐकून लोक तिकीट काढतात, पण दुबईच्या पुढचं विमान कुठलं हे बघत नाहीत. आणि पुढचाच टप्पा तर चौदा तासांचा.

कतार एअरवेजची क्यूसुइट ही बिझनेस खुर्ची 2017 पासूनची, दार असलेली, 1-2-1. मधल्या काही जोड्यांचा दुहेरी पलंग होतो. पण ती त्यांच्या सगळ्या विमानांत नाही. 777 आणि ए350 यांत सापडते, ए380 मध्ये नाही. गोव्याच्या मोपा विमानतळाहून दोह्याला जाणारं विमान आणि दोह्याहून अमेरिकेला जाणारं विमान यांची खुर्ची सारखी धरू नका.

ब्रिटिश एअरवेजची क्लब सुइट ही नवी बिझनेस खुर्ची 2019 मध्ये आली, दारासह 1-2-1. जुन्या मांडणीत एक प्रवासी पुढं तोंड करून आणि शेजारचा मागं तोंड करून बसतो, आणि खिडकीजवळच्याला वाटेत यायचं तर शेजाऱ्याच्या पायांवरून पाय टाकावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे अजिबात जमणार नाही. लुफ्तांसाची अलेग्रिस ही नवी रचना 2024 च्या मे महिन्यात सुरू झाली. त्यांच्या जुन्या विमानांत 2-2-2 आणि शेजाऱ्यांचे पाय एकमेकांकडं येणारी रचना आहे. 747-8 असेल तर वरच्या मजल्यावरची जागा घेऊ नका, तिथं विमानाच्या आतला जिना चढावा लागतो.

इंडिगोनं 2025 च्या जुलैमध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला भाड्यानं घेतलेली 787-9 विमानं सुरू केली, त्यातल्या पुढच्या भागाचं नाव स्ट्रेच. मांडणी 2-3-2 आणि खुर्ची मागं झुकते, सपाट होत नाही. खुर्ची चांगली रुंद आहे, पण स्लीपर समजून घेतली तर निराशा होईल. ती ऐरावत आहे.

खुर्चीच्या वर्णनातले तीन शब्द ओळखायला शिका. "लाय-फ्लॅट" किंवा "फुल्ली फ्लॅट" म्हणजे जमिनीला समांतर. "अँगल्ड फ्लॅट" म्हणजे सरळ पण उताराची. "रिक्लायनर" म्हणजे मागं झुकणारी. गुगल फ्लाइट्सवर टप्प्यावर बोट ठेवलं की यातलं काय आहे ते बहुतेक वेळा दिसतं. खात्री करायची तर विमानाचं नाव घेऊन एरोलोपावर नकाशा उघडा.

आणखी एक गोष्ट वयस्कर माणसांसाठी. 787 आणि ए350 या विमानांच्या आतली हवा साधारण 6000 फूट उंचीवर असावी इतपत दाबाची असते आणि दमटपणाही थोडा जास्त असतो. जुन्या रचनेच्या विमानांत हा दाब 8000 फुटांच्या उंचीपर्यंतचा असू शकतो. बेळगाव स्वतः अडीच हजार फुटांवर आहे, त्यावरून अंदाज येईल. आईचं डोकं दुखणं आणि घसा कोरडा पडणं दुसऱ्या प्रवासात बरंच कमी होतं. दोन तिकिटांत बाकी सगळं सारखं असेल तर मी ए350 किंवा 787 घेईन.

आपल्या हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत एअरबससाठी सुटे भाग तयार होतात, हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. त्याच विमानात आपली आई कुठल्या खुर्चीत बसणार हेही आपल्याला माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

4. त्या मांडणीत जागा कुठली घ्यायची

1-2-1 मिळालं म्हणजे काम संपलं असं नाही. बहुतेक सपाट खुर्च्यांत पाय समोरच्या खुर्चीखालच्या कोनाड्यात जातात. काही विमानांत हा कोनाडा इतका अरुंद असतो की उंच माणसाला कुशीवर वळता येत नाही. प्रत्येक भागाच्या पहिल्या ओळीत, म्हणजे समोर भिंत असलेल्या ओळीत, तो बहुधा मोठा असतो. काकांसारख्या उंच माणसाला ती ओळ घ्या. पण तिथंच तान्ह्या बाळांचे पाळणे लावतात, आणि बऱ्याचदा स्वयंपाकघरही जवळच असतं.

आईची उंची पाच फूट. तिची अडचण उलटी होती: बसलेल्या स्थितीत समोरच्या पायटेकूपर्यंत तिचे पाय पोचेनात. अशा वेळी खुर्ची अर्धी मागं घेऊन पायाखालचा भाग वर उचलायचा असतो. ते बटण कुठलं हे विमान सुटण्यापूर्वीच बघून घ्या, अंधार झाल्यावर शोधायला त्रास होतो.

सिंगापूर एअरलाइन्ससारख्या काही कंपन्यांत पलंग करायचा तर खुर्चीची पाठ पुढं उलटावी लागते. कर्मचारी ते करून देतात, पण तोवर प्रवाशाला उठून उभं राहावं लागतं. ज्यांना रात्रीतून चारदा उठायचं-बसायचं आहे त्यांना बटणानं सपाट होणारी खुर्ची बरी.

दोघं बरोबर असाल तर मधल्या जोडीतल्या दोन जागा घ्या, पण नकाशा नीट बघून. काही विमानांत मधल्या दोन खुर्च्या एका ओळीत चिकटून आणि पुढच्या ओळीत लांब लांब, अशा आलटून पालटून असतात. मधला पडदा खाली होतो का तेही बघा. आम्ही तसा पडदा खाली करून बसलो. आईनं रात्री नुसता हात पुढं केला की मला कळत होतं. बाथरूमपासून दोन-तीन ओळी दूर ही सर्वांत चांगली जागा. अगदी लगत घेतली तर रात्रभर दाराचा आवाज आणि दिवा.

5. बेळगावपासूनचा टप्पा त्याच तिकिटात घाला

मोठ्या शहरातल्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत हा भाग कधीच नसतो, आणि आपला प्रवास तर इथंच फसतो.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमान, रेल्वेनं किंवा बसनं बेंगळुरू, गाडीनं पुणे-मुंबई, किंवा घाट उतरून मोपा, असे आपले पर्याय. मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून मग चौदा तासांच्या पलंगासाठी लाखो रुपये मोजणं मला पटत नाही. वयस्कर माणूस असेल तर सांबऱ्याहूनच निघा.

पण सांबरा ते बेंगळुरू हे तिकीट वेगळं काढू नका. वेगळ्या तिकिटाचे तोटे असे:

देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो सामान, तर परदेशी बिझनेस तिकिटावर अनेक कंपन्या 32 किलोच्या दोन बॅगा देतात. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर पहिल्या टप्प्यावर जादा सामानाचे पैसे भरावे लागतात. बॅग बेंगळुरूला उतरवून घेऊन पुन्हा जमा करावी लागते. आणि पावसाळ्यात ढग खाली आले, सांबऱ्याचं विमान उशिरा निघालं, पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी जबाबदार नसते. महागडं तिकीट तिथंच वाया जाऊ शकतं.

इंडिगो आणि एअर इंडियाचे अनेक परदेशी कंपन्यांशी करार आहेत. त्यामुळं बेळगावपासून शेवटपर्यंत एकच तिकीट निघतं का हे आधी शोधा. शोधताना शहराचं नाव कुठं बेळगाव, कुठं बेळगावी असं असतं. नाव बदलून 2014 पासून बेळगावी झालं तरी काही यंत्रणांत जुनंच आहे. सरळ आयएक्सजी हा कोड टाका. गोव्यासाठीही काळजी घ्या: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. नुसतं गोवा बघून तिकीट काढलं आणि भलत्याच विमानतळाकडं गाडी वळवली, तर घाट उतरून आल्यावर पुन्हा गोवा ओलांडायची वेळ येते.

एकच तिकीट निघालंच नाही तर एक दिवस आधी निघा आणि मुंबईत किंवा बेंगळुरूत मुक्काम करा. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरा. मुंबईत टर्मिनल 1 आणि टर्मिनल 2 यांच्यात रस्त्यानं जावं लागतं, तेव्हा दोन्ही तिकिटांवरचं टर्मिनल वाचा. बेंगळुरूत आंतरराष्ट्रीय विमानं 2023 च्या सप्टेंबरपासून टर्मिनल 2 वरून सुटतात आणि इंडिगोचं देशांतर्गत विमान टर्मिनल 1 ला उतरतं.

परतीच्या वेळी तिकीट एकच असलं तरी भारतात पहिल्यांदा जिथं उतराल तिथं बॅग घेऊन कस्टममधून जावं लागतं. जाताना अमेरिकेतही पहिल्या विमानतळावर तसंच. वेळ त्या हिशेबानं ठेवा, मी तरी तीन तासांपेक्षा कमी ठेवत नाही.

6. भाड्याची तुलना

बिझनेसचं भाडं इकॉनॉमीच्या बहुधा तीन-चार पट आणि प्रीमियम इकॉनॉमीचं दीड-दोन पट असतं. त्यात कर धरायला विसरू नका: 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीवर 5 टक्के जीएसटी आणि त्याच्या वरच्या वर्गांवर 18 टक्के. दाखवलेली रक्कम करासकट आहे ना, हे शेवटच्या पानावर बघा.

बिझनेसमध्येही भाड्याचे प्रकार असतात. काही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंज मिळत नाही, आधी जागा निवडता येत नाही आणि रद्द केल्यास फारच थोडे पैसे परत येतात. वयस्कर माणसाच्या बाबतीत तारीख बदलावी लागण्याची शक्यता मोठी असते. थोडं जास्त देऊन बदलता येणारं तिकीट घ्या, इथं काटकसर करू नका.

पैसे मर्यादित असतील तर जाताना बिझनेस आणि येताना प्रीमियम इकॉनॉमी असंही काढता येतं. किंवा दिवसाचा टप्पा खालच्या वर्गात आणि रात्रीचा वरच्या. इकॉनॉमी घेऊन नंतर अपग्रेडसाठी, म्हणजे वरच्या वर्गात जाण्यासाठी, बोली लावण्याची सोय अनेक कंपन्यांत आहे, पण ती लागेलच असं नसतं. आईसाठी मी त्या भरवशावर राहणार नाही. स्वतःसाठी राहीन.

एजंटकडून काढत असाल तर दोन गोष्टी मागून घ्या. बुकिंगमध्ये फोन नंबर आणि ईमेल तुमचा टाकायला सांगा, नाहीतर वेळ बदलल्याचा निरोप एजंटकडंच राहतो. आणि विमान कंपनीचा स्वतःचा पीएनआर घ्या, एजंटच्या यंत्रणेतला वेगळा असू शकतो. तो टाकून कंपनीच्या साइटवर तिकीट उघडून बघा. जागा निवडणं, जेवण, व्हीलचेअर हे सगळं तिथूनच करायचं असतं.

7. जेवण आणि व्हीलचेअर

जेवणाचा एक मोठा गैरसमज आहे. "हिंदू मील" म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात गोमांस नसतं, पण चिकन, मटण किंवा मासे असू शकतात. माळकरी माणसासाठी "एशियन व्हेजिटेरियन" मागा, कोड एव्हीएमएल. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी जैन जेवण, व्हीजेएमएल. मधुमेह असेल तर डीबीएमएल. निदान दोन दिवस आधी कळवा आणि प्रत्येक टप्प्यासाठी नोंद झाली का ते बघा. आईच्या पिशवीत मी तरीही चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवते, विमानातच संपवायला. नातवंडांसाठी कुंदा न्यायचा असेल तर तो दुधाचा पदार्थ आहे, त्या देशाचे नियम बघूनच बॅगेत घाला.

व्हीलचेअर फुकट असते आणि कुठल्याही वर्गाला मिळते, पण प्रकार बरोबर सांगावा लागतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे खुर्चीपर्यंत उचलून न्यावं लागतं. बहुतेक लोक, आणि एजंटसुद्धा, पहिलाच प्रकार टाकून मोकळे होतात. बेळगावकरांना तो कमी पडू शकतो, कारण सांबऱ्याहून निघणाऱ्या छोट्या विमानात अरुंद जिन्यानं चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर डब्ल्यूसीएचएस नोंदवा.

8. तिकीट काढल्यावर विमान बदललं तर

तिकीट आणि प्रवास यांच्यामध्ये चार-पाच महिने जातात आणि तेवढ्यात विमान बदलू शकतं. आमचं 2025 चं विमान एकदा बदललं आणि आम्ही निवडलेल्या जागा आपोआप वेगवेगळ्या ओळींत गेल्या. मी दर पंधरा दिवसांनी कंपनीच्या साइटवर नकाशा उघडत होते, म्हणून लगेच लक्षात आलं. फोन करून पुन्हा शेजारच्या जागा मिळवल्या. तेव्हा मोकळ्या जागा होत्या, आदल्या दिवशी कळलं असतं तर मिळाल्या नसत्या. शेवटच्या आठवड्यात रोज बघा.

मांडणीच बदलून वाईट झाली, सपाट खुर्चीच्या जागी रिक्लायनर आली, तर दुसऱ्या दिवशीचं विमान मागून बघा. शांतपणे, लेखी, जुना नकाशा जोडून विचारलं तर ऐकतात असा माझा अनुभव आहे. जुन्या नकाशाचा फोटो तिकीट काढतानाच काढून ठेवा.

आणि तुम्हाला बिझनेसमधून खालच्या वर्गात बसवलं तर तुमचा हक्क माहीत असू द्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्या टप्प्याच्या तिकिटाच्या, करासकट, 30 टक्के रक्कम 1500 किलोमीटरपर्यंत, 50 टक्के 1500 ते 3500 पर्यंत आणि 75 टक्के त्याच्या पुढं परत मिळते. काउंटरवरून हलण्याआधी वर्ग बदलल्याचं लेखी घ्या आणि दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा.

9. विमानात बसल्यावर

आत गेल्यावर लगेच कर्मचाऱ्यांना सांगा की बरोबर वयस्कर माणूस आहे, पलंग कधी हवा, आणि झोप लागली तर जेवणासाठी उठवू नका. बिझनेसमध्ये जेवण नंतर मागून घेता येतं. खुर्चीची बटणं, वाचायचा दिवा आणि मदतीची घंटा या तीन गोष्टी त्यांना हातानं दाबून बघायला लावा. आई पहिल्यांदा घाबरत होती, चार वेळा स्वतः वर-खाली केल्यावर निवांत झाली.

सपाट झोपायला मिळालं म्हणून पाय हलवायचे नाहीत असं करू नका. जागेपणी दीड-दोन तासांनी वाटेतून एक फेरी मारायला लावा. पायात घालायचे दाबाचे मोजे चालतील का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. औषधं डोक्यावरच्या कप्प्यात नकोत, हाताशी ठेवा. उतरण्याच्या साधारण तासभर आधी उठवा, कारण खुर्ची सरळ करायची घोषणा झाल्यावर बाथरूमसमोर रांग लागते.

परतीच्या वेळी शेवटच्या छोट्या टप्प्यात माणूस थकलेला असतो आणि आपलं लक्ष घराकडं लागलेलं असतं. सांबऱ्याला विमान थांबलं की जागेवरच बसून राहा, सगळे उतरू द्या, आणि व्हीलचेअरचा माणूस जिन्यापाशी आल्याचं कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावरच आईला उठवा. जिना उतरताना तुम्ही तिच्या एक पायरी खाली, तिच्याकडं तोंड करून उतरा. हातातली पिशवी दुसऱ्या कुणाला तरी द्या.